दाढ बधिर करण्याआधी

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाढेनं जीव नकोसा केला आहे. आडवा झालो की जास्तच ठणकते, म्हणून खिडकी ते दार येरझाऱ्या चालू. ही म्हणते, फरशी झिजेल.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाढ काढावीच लागेल; बधिर करायची औषधं दोन-तीन असतात, तेव्हा काही आजार, गोळ्या असतील तर सांगा. मी काही नाही म्हणालो आणि तारीख घेऊन सटकलो. मागं एकदा दातासाठी इंजेक्शन दिल्याबरोबर छाती अशी धडधडली, की वाटलं संपलो. तेव्हा तर हृदयाची गोळीही नव्हती. गोळीचं तुला आणि हिलाच ठाऊक. बाईंकडून साइटवर कळलं तर क्रेनच्या केबिनमधून मला खाली उतरवतील.

तू दातांचीच डॉक्टर. छातीला न लागणाऱ्या औषधाचं नाव तेवढं कळव, मी मागून घेईन. नाहीतर इंजेक्शनशिवाय उपटून घेतो.

चुकलंमाकलं पोटात घाल.
तुझा टिल्लू

९ मार्च

चि. टिल्लूस अ. आ.

दाढ म्हणजे मुळा नव्हे, सहज उपटायला.

लिडोकेन सर्रास देतात. त्यात ॲड्रेनलिन मिसळलं की रक्त कमी जातं, बधिरपणा टिकतो. तुझी छाती धडधडली ती बहुधा त्यानंच. आर्टिकेन हाडात चांगलं मुरतं, पण त्यातही सहसा ते असतंच. मेपिवाकेन त्याच्याशिवाय मिळतं, मात्र लवकर उतरतं. दाढ हट्टी निघाली तर पुन्हा टोचावं लागेल.

पण मी इथून नाव कळवायचं आणि तू भाजी मागितल्यासारखं मागायचं, हे जमणार नाही. कोणतं आणि किती, ते तुझ्या गोळीवर ठरतं, आणि ठरवायचं बाईंनी. त्यांना खरं सांग. वेळही काढू नकोस. पू वाढला की कुठलंच औषध धड चढत नाही. गिळताना त्रास झाला तर तारखेची वाट न बघता धाव.

केबिनमध्ये तुझी शुद्ध हरपली तर काय, या विचारानं मीही आता येरझाऱ्या घालते आहे.

माया आहे म्हणून रागावते.
तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाढ निघाली. गोळ्यांचं पाकीटच बाईंपुढे ठेवलं. त्यांनी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि मग ॲड्रेनलिनशिवायचं मेपिवाकेन दिलं. छाती शांत राहिली. मधेच बधिरपणा उतरायला लागला, तेव्हा मी हात वर केला. त्यांनी पुन्हा दिलं.

हातमोजे काढता काढता त्यांनी विचारलं, काम काय करता. ओठ जड होता, तरी क्रेन म्हणालो. त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचलून पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्या दिवशी मी होऊन मुकादमाला सगळं सांगितलं.

केबिन गेली, नोकरी राहिली. आता खाली उभा राहून नव्या चालकाला हातानं खुणा करतो. ही निवांत झोपते. मला चैन नाही. भार हलला की बोटं आपोआप दांडा शोधतात. काल त्यानं लोखंडी तुळई जरा घाईनं खाली सोडली. मी थांबायची खूण म्हणून मूठ आवळून दाखवली, तो थांबला. तुळईखाली दोघं होते. एकानं वळून माझ्याकडे पाहिलं.

ताई, इतकी वर्षं मी यांच्या डोक्यावरून भार नेले. वरून नुसत्या टोप्या दिसायच्या. चेहरे काल पहिल्यांदा पाहिले.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा टिल्लू