घसा झोपत नाही

४ ऑक्टोबर

पोचले बाई एकदाची इस्पितळात! खाट खिडकीजवळची मिळाली, गादी माझ्या सासूच्या मनापेक्षा मऊ आहे, आणि दुपारच्या सूपमध्ये मटणाचा तुकडा चक्क सापडला. मुलगा जीपने सोडून गेला. जाताना रडायला लागला. म्हटलं, रडतोस कशाला? गलगंड कापणार आहेत, नाक नव्हे.

बोलते आहे मी, उलकान. लिहिते आहे ती शेजारच्या खाटेवरची सायकाल, पित्ताचे खडे काढायला आलेली म्हातारी मास्तरीण. मला अक्षर येत नाही. मुलं, मेंढ्या आणि नवरा हाकण्यात ते राहूनच गेलं. सायकालला जन्मभर शुद्धलेखन घालायची सवय. आता वर्ग नाही, म्हणून स्वतःलाच घालून घेते.

ही रोजनिशी म्हणजे औषध आहे. भूल देणारा डॉक्टर केल्दिबेक माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होता. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात मी त्याला माझा नवरा लग्नाच्या दिवशी घोड्यावरून कसा पडला ते सांगायला लागले, तर आकडा आपोआप खाली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "आपा, गोळ्या मी देतो. तुम्ही मात्र रोज बोलत राहा, कोणाकडून तरी लिहून घ्या." माझ्या जिभेने दाब वाढतो अशी नवऱ्याची मरेपर्यंत तक्रार होती. आज असता तर त्याला ऐकवलं असतं.

५ ऑक्टोबर

केल्दिबेकने आज तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे टाकायला लावली. घोडी विकत घेतानाही कोणी एवढं बघत नाही. म्हणाला, गलगंडाने श्वासाची वाट दाबत दाबत गवताच्या काडीएवढी केली आहे. ते मला ठाऊक आहे. मी कोंबडीसारखी बसून झोपते. आडवी झाले की गुदमरते. कापलं नाही तर अशीच एक दिवस झोपेत जाईन.

पण कापायचं तर आधी झोपवून घशातून नळी घालावी लागते. त्याची खरी भीती तिथेच आहे. म्हणाला, झोपेच्या औषधाने दाब उतारावर सुटलेल्या गाडीसारखा खाली येतो. मग नळी घशाला लागते आणि तोच दाब घोड्यासारखा उभा राहतो. माझ्यासारखीच्या जुन्या नसा तेवढ्यात डोक्यात फुटू शकतात. म्हणून तो आधीपासून गोळ्या देणार, घसा फवाऱ्याने बधिर करणार, नळी झटक्यात घालणार.

मी विचारलं, मी झोपलेली असेन, तर घोड्यासारखं उभं कोण राहतं?

म्हणाला, तुम्ही झोपता आपा, घसा झोपत नाही.

त्याला त्यात गंमत वाटली. मला नाही वाटली.

६ ऑक्टोबर

दाराजवळच्या खाटेवर बतमा आहे. माझ्यासारखाच गलगंड, पण माणूस तरणं, गालांवर जर्दाळूचा रंग. तिचं ऑपरेशन उद्या. तिला म्हटलं, आधी तू जाऊन ये, वाट कशी आहे ते सांग. म्हणाली, "आपा, तुम्ही पुढे गेलात तर डॉक्टरला एक शब्द बोलू द्याल का? मीच जाते." अशी तिखट. मला आवडली.

सगळ्यांना बजावून झालं आहे: उपाशी पोटी यायचं. पोटात काही असलं तर नळी घालताना उलटून वर येतं आणि फुफ्फुसात जातं.

७ ऑक्टोबर

सकाळी बतमाला न्यायला ढकलगाडी आली, तेव्हा तिची थोरली बहीण दारात उभी होती, हातात तंदूरची ताजी नान. आमच्याकडे नानला तोंड लावल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. एक घास घ्यायचा, उरलेली घरच्यांनी जपून ठेवायची, आणि गेलेल्याने परत येऊन ती संपवायची. अन्न ओढून आणतं माणसाला.

बतमाने एक घास घेतला. बहीण म्हणाली, कोरडा कशाला, साय लाव. दुसरा सायीचा झाला. मग बहीण रडायला लागली, तिच्या समाधानाला तिसरा. आम्ही सगळ्या बघत होतो. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

आत केल्दिबेकने तिला विचारलं म्हणे, काही खाल्लंस का? ती म्हणाली, नाही. खोटं बोलली नाही हो ती. तोंड लावणं म्हणजे काय खाणं असतं?

नळी घालताना घास वर आला. फुफ्फुसात गेला. दाब आधी आभाळाला भिडला, मग दगडासारखा खाली. आता ती पलीकडच्या खोलीत आहे, तोंडात नळी. यंत्र तिच्यासाठी श्वास घेतं आहे.

८ ऑक्टोबर

बतमा गेली.

केल्दिबेक वॉर्डात येऊन ओरडला, मग भिंतीला टेकून उभा राहिला. बहीण मयत घेऊन गावी गेली. उष्टी नान मात्र दाराजवळच्या कपाटात राहिली. कोणी हात लावत नाही. अन्न फेकायचं नसतं, आणि ती खाणार कोण?

सायकाल म्हणते, हे नको सांगू, तुझा दाब चढेल. म्हटलं, लिही गं. पोटात ठेवलं तर जास्त चढेल.

१० ऑक्टोबर

दुपारी जेवणं झाल्यावर बतमा दारात उभी होती.

मी जागी होते. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. तोंडाच्या कोपऱ्यातून नळी, ती गालाला पांढऱ्या पट्टीने चिकटवलेली. त्यामुळे बोलता येत नव्हतं तिला. नुसती नान पुढे केली. घे, तोंड लाव.

म्हटलं, बयो, पाहुणचार जिवंत माणसाने करावा. जा आपल्या वाटेने.

गेली नाही. हसलीसुद्धा नाही. जिवंतपणी हसली असती. डोळ्यांत नुसता राग होता. दंडावरचा पट्टा आवळत गेला आणि दाबाचं यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावली. बतमाच्या अंगातून आली ती.

सायकालला काही दिसलं नाही.

११ ऑक्टोबर

माझं ऑपरेशन पुढे ढकललं. दाब उतरत नाही. केल्दिबेकने गोळ्या वाढवल्या. विचारत होता, आपा, कशाला भिता? काय सांगू त्याला?

सायकालने धीर करून ती नान कपाटातून काढली, कुस्करली, अंगणात पाखरांना घातली. सगळी संपली. डोळ्यांनी बघितलं मी. सुटले म्हटलं.

दुपारी बतमा आली. हातात नान. तेच तीन घास तोडलेले. आज दारात नव्हती. आत आली होती.

१३ ऑक्टोबर

घरी सोडा म्हटलं. केल्दिबेक माझा हात धरून बसला. म्हणाला, श्वासाची शिट्टी वाजते आहे तुमच्या, डोंगरातल्या गावापर्यंत पोचणार नाही तुम्ही. आपा, माझ्यावर भरवसा ठेवा, मी दाब हातातून निसटू देणार नाही.

भरवसा आहे रे बाळा. तुझ्यावर आहे.

ती खाटेच्या पायथ्याशी असते. नान तोंडाजवळ आणते. साय वितळून माझ्या पांघरुणावर ठिबकते -- नर्स म्हणते, आपा, सांडवलंत काय? म्हणजे साय तिला दिसते.

मी ओठ मिटून घेते. नाकाने श्वास पुरत नाही. तोंड उघडावंच लागतं -- आणि ती त्याचीच वाट बघत असते.

१५ ऑक्टोबर

तिला शिव्या दिल्या. सासूसाठी राखून ठेवलेल्या सगळ्या. हलली नाही.

नानला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. तिला ते ठाऊक आहे.

१६ ऑक्टोबर

आज आली नाही. दिवसभर नाही. दाब उतरला -- केल्दिबेक हरखला. उद्या सकाळी घेतो म्हणाला. सायकालला टोपी-मुखपट्टी बांधून आत बसू देणार आहे, मी झोपेपर्यंत बोलत राहावं म्हणून. असं कधी कोणाला करू देत नाहीत.

चांगलं आहे सगळं. मग माझे हात गार का --

१७ ऑक्टोबर

दारात कोणी नव्हतं. नान नाही, बहीण नाही, बतमा नाही. कशालाही तोंड न लावता आले. पहिल्यांदाच.

टेबलावर आहे. सायकाल कानाशी. लिही. केल्दिबेकने विचारलं, काही खाल्लंत? म्हटलं, नाही. तोंडही लावलं नाही. त्याने घशात फवारा मारला. जीभ लाकडासारखी -- कळतंय ना तुला, मी काय म्हणते ते?

आकडा सुंदर आहे म्हणतो. खाली, अगदी हवा तसा. हातात सुई -- आता झोपेचं पांढरं औषध --

सायकाल, डोक्याशी कोण उभं आहे? मुखपट्टीखाली नळी -- तीच आहे. तीच. पण आज काही पुढे करत नाही. हात रिकामे --

नान कुठे आहे मग

सायकाल, त्याला सांग थांब. घसा बधिर, मला कळलंच नाही -- जिभेमागे काहीतरी आहे, मऊ -- साय -- मी खाल्लं नाही, मी दात लावला नाही, थांबव त्याला, तो म्हणतो आकडा छान आहे, तो आकड्याकडेच बघतोय, माझ्या तोंडात बघ म्हणावं, तोंडात --