सात कलमांचे गाऱ्हाणे

पेडणे, बुधवार, ता. २१ फेब्रुवारी १९९०. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. टाचण्यांची डबी पालथी झाली होती, त्या वेचून (एकशे चौदा, पैकी दोन वाकड्या) लिहायला बसलो आहे.

तीर्थरूप सुमंगलाआत्यास शिवदासचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, तांबड्या म्हशीचे खाणे आणि आतोबांचा खोकला या तिन्हींची वेगवेगळी खबर कळव. "सर्व ठीक" असे एका ओळीत उरकू नकोस, मग मला झोप लागत नाही. माझी प्रकृती बरी आहे, पण मी दमलो आहे. हिंडून नव्हे, लोकांना समजावून.

अपंग तरुणांना पहिल्या कामाचा अनुभव मिळवून देणारे एक मंडळ इथे निघाले असून मी त्याचा कारकून आहे, हे मागे कळवलेच होते (आठवी नापास असूनही, केवळ अक्षरावर). काम ऐकायला सोपे. दुकानदाराकडे जायचे, एखाद्या मुलाला किंवा मुलीला महिनाभर ठेवून घ्या म्हणायचे आणि अर्ज भरून घ्यायचा. अर्ज मराठीत छापावेत की कोकणीत, यावर समितीच्या चार सभा झाल्या, दोघे रागावून निघून गेले आणि शेवटी अर्ज इंग्रजीत छापले. ते आता समितीत कोणालाच भरता येत नाहीत. कमलाक्षी भरते.

कमलाक्षी म्हणजे आमची पहिली उमेदवार. राहणार केरी, वय वीस, दहावी पास (म्हणजे माझ्याहून तीन इयत्ता वर). डावा पाय लहानपणी पोलिओने गेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट आहे. तिचा भाऊ दिनकर डिचोलीला खाणीचा ट्रक चालवतो. माणूस वाईट नाही, पण बहिणीला कोणी हसेल या भीतीने त्याने तिला उंबऱ्याबाहेर फारसे सोडलेलेच नाही. त्याने एक महिन्याची मुदत दिली होती. शनिवार, ता. १७ पर्यंत काम मिळाले तर मिळाले, नाही तर ती कायमची घरात. तोवर ती रोज बसने येऊन माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसत असे, आणि बसल्या बसल्या माझ्या फायली लावत असे.

अपंग मुलगी म्हणजे शिवणकाम, हे समितीने चर्चेवाचून ठरवले. मी तिला डिचोलीच्या एका शिंप्याकडे नेले. त्या भल्या माणसाने तिला मशिनीवर बसवले, आणि तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले की मशीन पायाने चालते. (समितीत नऊ माणसे आहेत आणि निदान सहांच्या घरी मशीन आहे.) हे आधी का सांगितले नाहीस, असे विचारले तर म्हणते, "तुमीच उलयताले. म्हजी पाळी खंय आयली?" (उलयताले म्हणजे बोलत होता.)

मग पेडण्याच्या बाजारातले रामचंद्रशेट. कापडाचे दुकान, बसून करण्याजोगे काम, मालक सज्जन. पण होय म्हणतील तर शपथ. "चली बरी आसा मरे, पुण देवाक विचारिनासतना कशें?" (मुलगी चांगली, पण देवाला विचारल्याशिवाय कसे.) आपल्याकडे आपण कौल म्हणतो तोच इथला प्रसाद. देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भटजी गाऱ्हाणे घालताना (म्हणजे देवापुढे विनवणी मांडताना) काही विसरतील या काळजीने मी ते आदल्या दिवशी लिहूनच दिले. सात कलमे झाली. पहिले, सदर मुलीस महिनाभर ठेवावे काय. दुसरे, ठेवल्यास दुकानास बाधा नाही ना. तिसरे, न ठेवल्यास शेटना दोष लागणार नाही ना. अशी पुढची चार (सुट्टीच्या वारासकट). भटजींनी सगळे एका दमात वाचले आणि वाचून संपते न संपते तोच उजवी पाकळी टपकन पडली. मी हात जोडले. शेटनीही जोडले आणि म्हणाले, "देवान तिसऱ्याक होय म्हळें."

आत्या, मी तिथे पाऊण तास वाद घातला. पण देवाने कितव्या कलमाला होकार दिला हे सिद्ध कसे करायचे? पुन्हा विचारू म्हटले, तर भटजी म्हणाले की त्याच दिवशी तेच विचारणे म्हणजे देवावर अविश्वास. वर रामचंद्रशेटनी देवळाच्या पायऱ्या उतरताना मला टोमणा मारला, "दुसऱ्यांक सांगतात, तुमच्या मंडळांत असलीं कितलीं आसात रे?" कमलाक्षी एकेक पायरी सांभाळून उतरत होती. ती म्हणाली, "देवाक विचारलें, शेटाक विचारलें, म्हज्या भावाक विचारलें. म्हाका कोण विचारतलो?"

शनिवारी दहा वाजता दिनकर तिला न्यायला आला. मंडळाचे अध्यक्ष कृष्णनाथराव हजर होते. मी त्या दोघांदेखत तिला विचारले, तुला कोणते काम हवे. तिने सांगितले. दिनकर एकटाच परत गेला.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, म्हशीला पेंड.

तुझा,
शिवदास

ता. क. तिने कोणते काम सांगितले हे लिहायचे राहिले. तिने माझ्या खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हें." कृष्णनाथरावांनी छताकडे पाहत मान डोलावली. मंडळाला खुर्ची एकच आहे. मीच उठलो. सोमवारपासून ती बसते. कालच तिने दोन दुकानदारांकडून होकार आणला. ती आधी मुलांना विचारून घेते, त्यामुळे लवकर आटोपते. कागद जपून वापरा असा तिचा हुकूम आहे, म्हणून अक्षर बारीक काढले आहे.

आणखी ता. क. तरी आतोबांच्या भातगिरणीवर एका होतकरू तरुणास महिनाभर अनुभवासाठी ठेवून घेता येईल का? वय बावीस, हातपाय धडधाकट, मोजदादीत पक्का. नाव वर सहीत आहेच.

शेवटचे ता. क. उत्तराची घाई करू नकोस. माझा अर्ज कमलाक्षी भरते आहे आणि "कोणते काम हवे" या रकान्याशी दोन दिवस अडून बसली आहे. गिरणी लिही म्हटले, तर म्हणाली, ती तुझ्या आत्याकडची सोय झाली, तुला काय हवे ते सांग. असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. मी समोरच्या बाकावर बसून विचार करतो आहे.