भिंतीपलीकडचा सज्जन

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.१०

मागच्या खोलीतला स्पीकर आज आपोआप वाजला. आधी गिटार, मग कुणी मुलगी गायला लागली, आणि वीस सेकंदांत सगळं बंद. खोलीत कुणी नाही. जूनपासून नाही. मी ब्रश तोंडात धरून दाराबाहेर उभा. भूतबीत मी मानत नाही. एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या कान विभागात लोकांची श्रवणतपासणी करतोय. आवाज कुठून येतो हे मला कुणी शिकवू नये. तांत्रिक बिघाड आहे.

संध्याकाळी ७

ग्रुपवर गाणं टाकलं. ग्रुपचं नाव 'कानसेन'. आम्ही चौघं, एकमेकांना कधी न पाहिलेले: जहाजवाला, दंतवैद्यबाई, निवृत्त पोस्टमास्तर आणि मी, म्हणजे 'पट्टीचा कान'. नियम एकच. दर शुक्रवारी नवं सापडलेलं एक गाणं आणि घरची एक बातमी. सहा वर्षांत माझा एकही शुक्रवार चुकलेला नाही.

हल्ली माझी गाणी गाजताहेत. थोडं श्रेय ॲपला द्यावं लागेल. घरात मिळून एकच अकाउंट आहे, चिरंजीवाने मागे काढून दिलेलं. त्यात 'अलीकडे ऐकलेलं' अशी यादी येते. तीत सध्या मी कधीच न ऐकलेली गाणी दिसतात. ॲपला माझी आवड माझ्याआधी कळायला लागली आहे. मी ती ऐकतो आणि माझा शोध म्हणून पाठवतो.

घरची बातमी: 'सर्व ठीक. चिरंजीव अभ्यासात मग्न.' खोटं नाही. कसला ना कसला अभ्यास करतच असेल.

नोंद राहावी म्हणून लिहितो. त्याने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. मी शांतपणे सांगितलं की या घरात एकतर ती गिटार राहील नाहीतर मी. त्याने गिटार घराबाहेर नेली, फक्त तिच्याबरोबर स्वतःही गेला. 'शांतपणे' या शब्दाबद्दल सौ.चं वेगळं मत आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून बघायला वर आल्या होत्या, असं ती म्हणते.

संकल्प. एक, रविवारी मागची खोली रिकामी करून तिथे माझा श्रवणकक्ष करायचा. दोन, पहिला फोन त्याने करायचा. तीन, सौ.कडे त्याची चौकशी करायची नाही.

वरच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे. माणसाने किती सहन करायचं?

८ फेब्रुवारी, रविवार

टेप घेऊन मागच्या खोलीकडे गेलो. दार फुगलंय, उघडेना. सौ.ने येऊन दोन बोटांनी उघडलं. ती गेल्यावर मी बाहेरूनच दाराचं माप घेतलं. दोन फूट नऊ इंच. सुरुवात म्हणून पुरेसं आहे.

आत स्पीकरचा निळा दिवा चालू होता. आठ महिने. प्लग काढला नाही. बिघाड चालू यंत्रातच बघावा लागतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.०८

पुन्हा वाजला. दुसऱ्या ओळीवर थांबला. कुणीतरी चटकन हात मागे घ्यावा तसा.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं की चहा झालाय. बंद दाराकडे बघून. सवयीने. आतून अर्थातच उत्तर आलं नाही, पण मी थांबलो होतो. स्वयंपाकघरात सौ.चा भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. मग ती दोन कप घेऊन आली. तिने काहीतरी बोलायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं गाणंही उचललं गेलं. पोस्टमास्तरांनी विचारलं, या वयात इतकी तरुण आवड कुठून आणता? मी लिहिलं, कानाला वय नसतं. जहाजवाल्याने तीन टाळ्या पाठवल्या.

दंतवैद्यबाईंची बातमी मात्र लांबलचक. आई आता त्यांना ओळखत नाही, 'तुम्ही कुणाकडे आलात' असं विचारते. शुक्रवारच्या बातमीत इतकं खरं लिहायची गरज नसते. मी अंगठा पाठवला, मग तो बरा दिसेना म्हणून काढला, मग काढलेला दिसतो म्हणून परत पाठवला.

माझी बातमी: 'सर्व ठीक. चिरंजीव प्रोजेक्टमध्ये गढलेला.'

यादीचा बारकाईने अभ्यास केला. ॲप सकाळी सातला उठतं. दुपारी दोन ते रात्री नऊ काही ऐकत नाही. कुठेतरी कामाला लागलेलं दिसतं. सौ.ला सहज म्हटलं की दोन ते नऊ ही शिफ्ट जेवणाच्या दृष्टीने वाईट. ती म्हणाली, वाद्यं दुरुस्त करायच्या कारखान्यात आहे, डबा नेतो. मी कुणाबद्दल म्हणून विचारलं नाही. तिसरा संकल्प शाबूत.

१५ फेब्रुवारी, रविवार

ॲप दिवसभर एकच संथ गाणं ऐकतंय. अकरा वेळा. असं पडून राहून ऐकतात. सौ.ला विचारलं की आपल्या माहितीत कुणाला ताप वगैरे आहे का. ती म्हणाली, घसा धरलाय, उतरेल. मी म्हटलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात माणसाने, कुणीही असो. ती फोन घेऊन गॅलरीत गेली.

खोलीचं काम पुढच्या रविवारी. आज पाठ धरली होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

यादीत नवं नाव. कलाकार: 'मागची खोली'. गाणं: 'पहिला टेक'. ऐकणारे सगळे मिळून तेवीस. म्हणजे खरा शोध.

गाणं म्हणजे शब्द नाहीतच. गिटार, आणि वाजवणारा मध्ये मध्ये गुणगुणतो. दीड मिनिटाने भिंतीपलीकडून कुणीतरी दार ठोठावतं. तीनदा. मग एका पुरुषाचा आवाज. शब्द लागत नाहीत, राग लागतो. अगदी शेवटी कुठेतरी भांडं पडतं.

जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये बसून ऐकलं. आमची तपासणीची केबिन म्हणजे बाहेरचा टाचणीएवढाही आवाज आत येत नाही. चांगले हेडफोन लावले, दार ओढून घेतलं. तो माणूस माझ्या मानेमागे उभा राहून ओरडला. मी हेडफोन काढून मागे बघितलं. मागे भिंत होती. पाच मिनिटं तळहात पुसत बसलो. मी घाबरलो होतो, हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

दुपारी एक आजी आल्या. त्यांना सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. त्या मी आवाज दिलेला नसतानाही दाबायच्या. मी म्हटलं, आजी, आत्ता काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडून नसेल, मला येतो. रिपोर्टवर काय लिहावं ते सुचेना.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

'पहिला टेक' ग्रुपवर टाकलं. खळबळ. पोस्टमास्तरांच्या मते तो आवाज या जगातला नाही. जहाजवाला म्हणतो, शेजारी. मी तज्ज्ञ म्हणून मत दिलं: पुरुष, पन्नाशीचा, छातीतून येणारा दमदार आवाज, न्याय बहुधा त्याच्या बाजूला.

दंतवैद्यबाईंनी उशिरा लिहिलं. ठोठावल्यावर वाजवणारा मूल असल्यासारखा थांबतो, आणि मग आधीपेक्षा हळू वाजवायला लागतो. त्यांना पुढे ऐकवलं नाही म्हणे. बाई फारच हळव्या आहेत.

मग मी परत ऐकलं. थांबतो खरा.

घरची बातमी: 'सर्व ठीक.' चिरंजीवाचं राहून गेलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जहाजवाल्याने भर समुद्रात बसून कुठल्याशा सॉफ्टवेअरने तो आवाज साफ केला आणि शब्द लिहून पाठवले. तो माणूस म्हणतो: 'बंद कर ते. माणसाने किती सहन करायचं?'

माझ्याच विचारांचा कुणीतरी सज्जन दिसतो. फार बरं वाटलं. सगळे वाजवणाऱ्याची कीव करताहेत, त्या सज्जनाचा विचार कुणी केला? त्याला सकाळी कामावर जायचं असेल. त्याने त्या पोरासाठी काही ठरवलं असेल. ओरडून झाल्यावर तो दाराबाहेर तसाच उभा राहिला असेल, हात परत वर करावा की नाही हे न कळून. याची नोंद कुठल्या गाण्यात होते?

ॲपवर गाण्याखाली अभिप्राय लिहिता येतो. तिथे तीन परिच्छेद लिहिले. शीर्षक: 'भिंतीपलीकडच्या सज्जनाची बाजू'. खाली नाव: पट्टीचा कान. शास्त्रीय माहितीही जोडली: आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून ऐकू येतो, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये तो परका वाटतो. त्या गृहस्थाने हे ऐकलं तरी तो स्वतःला ओळखणार नाही. मला त्याची दया येते, असा शेवट केला. शेवट जमलाय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वाद एकदाचा मिटावा म्हणून सौ.ला ऐकवलं. ती हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, तुम्ही आहात.

मी हाडांचं समजावून सांगितलं. ती म्हणाली, हाडांचं तुमच्यासाठी, मला तुमचा आवाज सत्तावीस वर्षं बाहेरून ऐकू येतोय. गेल्या मे महिन्यातलं आहे, रविवार होता. आणि मीही आहे त्यात, म्हणाली. शेवटी भांडं पडतं ना, ते माझ्या हातून पडलं होतं.

हे मला आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, काय सांगायचं होतं? त्याची गाणी तुम्ही दर शुक्रवारी लोकांना पाठवताय, हे तुम्हाला ठाऊक नाही असं मला वाटलंच नाही.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर केबिनचं दार लावलं. ते वाक्य स्वतः म्हणून रेकॉर्ड केलं. एका कानाला हे, दुसऱ्या कानाला ते. हातात पेशंटचं बटण होतं.

दाबलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ७.१०. स्पीकर वाजला नाही. ७.३० पर्यंत उभा होतो. कामाला उशीर झाला.

अभिप्राय काढून टाकायला गेलो. त्याखाली उत्तर आलं होतं. 'मागची खोली' यांनी लिहिलंय: 'वाचलं, बाबा.' पुढे काही नाही. ही दोन शब्दांची ओळ दिवसभर उलटीपालटी करून पाहिली. तिचा सूर काय आहे? लिहिलेल्याला सूर नसतो, हा मोठा दोष आहे.

ग्रुपवर जुन्यातलं एक गाणं टाकून दिलं. बातमी टाइप केली, 'तो सज्जन मीच', आणि पुसली. मग 'चिरंजीव अभ्यासात' टाइप केलं, तेही पाठवता येईना. 'सर्व ठीक' पाठवलं.

१ मार्च, रविवार

मागची खोली रिकामी करायला गेलो. दार आज फुगलेलं नव्हतं. पलंगावर बसलो. इथून दारावरची थाप कशी ऐकू येत असेल ते बघावं म्हणून सौ.ला बाहेरून ठोठावायला सांगितलं. तिने अगदी हळू ठोठावलं. तरी मी दचकलो.

श्रवणकक्षाचा बेत रद्द. खोलीत आवाज फार घुमतो.

६ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.१०

यादीत चार दिवस फक्त एकच गाणं आहे. ते मीच ऐकलेलं. सौ. म्हणाली, त्याने स्वतःचं वेगळं अकाउंट काढलंय. सकाळी त्याच्या फोनवरून चुकून इथे लागायचा तो स्पीकर आता वाजणार नाही. निळा दिवा आहे अजून.

परक्या माणसासारखं त्याचं नाव टाइप करून शोधलं. 'पहिला टेक' काढून टाकलाय. तेच गाणं नव्याने वाजवून चढवलंय. आवाज स्वच्छ. भिंत नाही, थाप नाही, भांडं नाही. मी नाही. दीड मिनिटाला मात्र तो थांबतो. कुणी ठोठावलेलं नसताना थांबतो, आणि मग हळू वाजवायला लागतो.

मला रडू आलं. ब्रश तोंडात असताना रडू नये.

संध्याकाळी ७

दुसरा संकल्प मोडला. साडेसहाला फोन केला. केबिनमध्ये चार वाक्यं पाठ केली होती. दोन रिंगमध्ये उचलला. मागे कुणीतरी ड्रम ठोकूनठाकून बघत होतं. मी पहिलं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, बाबा, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला. मी परत म्हटलं. आवाज चढेना. सगळा जोर लावला तरी तेवढाच निघाला. तो आणखी दोनदा हॅलो म्हणाला. नंतर करतो, असं म्हणून मी ठेवला. तेही त्याला ऐकू गेलं नसावं.

ग्रुपवर आज काही पाठवलं नाही. सहा वर्षांतला पहिला चुकलेला शुक्रवार. दंतवैद्यबाईंनी विचारलंय, घरी सगळं ठीक ना? त्यांना नीट उत्तर लिहायचं आहे. उद्या.

सौ.ने विचारलं, काय म्हणाला. मी सांगितलं, मोठ्याने बोला म्हणाला. तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.