घडी न मोडलेलं नाव

माय,

सध्या आपल्या नात्यात दोघी पोटुशी आहेत. माझ्या सुनेला सातवा लागलाय आणि दादाच्या मुलीला, तुझ्या लाडक्या नातीला, आठवा. सून इथं माझ्याजवळ असते, नात तुझी खामगावला, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी. दोघींचं रोज फोनवर बोलणं होतं. उलट्या, सुजलेले पाय, डॉक्टरीण काय म्हणाली, सगळं एकमेकींना सांगतात. लपवतात ते फक्त नाव. सुनेनं मोबाइलवर यादी केली आहे, मुलाची वेगळी, मुलीची वेगळी, आणि मी जवळ जाऊन बसले की ती मोबाइल पालथा घालते. "आई, तुम्ही तिकडं सांगून देसान," म्हणते. मी म्हटलं, मी कशाला सांगू? तर म्हणाली, "मुद्दाम नाही हो, पण निघून जाते तोंडातून. त्यायचं बाळंतपण आधी आहे. त्यायनं ठेवून टाकलं तर आम्ही काय करावं?" मी तूर निवडत होते. तुझी आठवण झाली. चांगली नाही झाली.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला वाचताना पाहिलं की तुझं डोकं उठायचं. सातवीनंतर तू मला शाळेतून काढलंस, तरी मी वाचत राहिले. किराण्याच्या पुड्यांचे कागद, दादानं आणलेले जुने पेपर, मग ग्रामपंचायतीच्या कपाटातली पुस्तकं. त्यातल्याच एका पुस्तकात मला ते नाव सापडलं. पुस्तकाचं वरचं पान गेलेलं होतं, त्यामुळे ते कोणाचं, ते मला कधी कळलं नाही. तीन अक्षरांचं नाव. वरवट बकालपासून आपल्या गावापर्यंत कोणा मुलीचं ते नव्हतं. लग्न ठरायच्याही आधीपासून मी ते मनात जपून ठेवलं होतं. लोकांच्या पोरी रुखवतासाठी काय काय जमवतात, मी हे एक नाव जमवलं होतं. ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर हाक मारल्यासारखं होईल, आणि दोघींपैकी कोण ओ देईल ते मला माहीत नाही.

माझ्या पहिल्या खेपेलाही पोटुशी दोघीच होत्या, मी आणि वहिनी. तिला दोन मुलगे होते, हे तिसरं. मी पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. स्वयंपाकघरात वहिनी कळण्याची भाकरी थापते आहे, मी मिरच्यांची देठं काढते आहे, तू चुलीपुढं. वहिनी विचारते, "बाई, पोरगी झाली तं काय नाव ठेवसान?" मी सांगते. पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलेलं ते नाव, माझेच कान तापतात. तू लाकूड मागं ओढतेस आणि म्हणतेस, "हे काय नाव हाये वं? साबणाचं नाव वाटते." वहिनी म्हणते, "मले तं चांगलं वाटून राह्यलं." तू म्हणतेस, "तुले चांगलं वाटते तं तू ठेव. पोरगी झाली तं." आपण तिघीही हसतो. मी पण हसते, माय. ते हसणं मला अजून आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मला मुलगी झाली. घरीच झाली, दाईच्या हातानं. तू तिला पुसून माझ्याकडं दिलीस आणि लगेच नियम सांगितलेस. बारा दिवस लेकरानं उंबरा ओलांडायचा नाही. आणि बारशाआधी तिचं नाव तोंडातून काढायचं नाही, नाव ऐकलं की सटवीला पत्ता लागतो. "तवर पोरगीच म्हण," म्हणालीस. नवऱ्याला मी नाव कळवलं होतं, तो "चालते" म्हणाला होता. तो कमीच बोलायचा. नणंद बाराव्या दिवशी येऊन पाळण्यात घालणार होती. सगळं ठरलेलं होतं, फक्त दिवस भरायचे होते.

चौथ्या दिवशी ती पिवळी दिसायला लागली. मी तुला दाखवलं. तू तिला दारातल्या उजेडात धरून पाहिलंस. "हळदीचा रंग हाये. गोरी निंघन पुढं." सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. "बारा दिवस होऊ दे. लोकं काय म्हणतीन, ओल्या बाळंतिणीले फिरवून राह्यले." सातव्या दिवशी तिनं पिणं कमी केलं. नवव्या दिवशी दुपारी ती गेली. आता मी वाचलंय, अशा लेकराला दवाखान्यात निळ्या उजेडाखाली ठेवतात. बहुतेक लेकरं दोनचार दिवसांत बरी होऊन घरी येतात. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि उठून भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

दादानं तिला शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली पुरलं. कोणी भेटायला आलं की तू म्हणायचीस, "नाव ठेवलं नोतं अजून." त्यानं जणू काही कमी होत होतं.

वीस दिवसांनी वहिनी बाळंत झाली. तिलाही मुलगी. तिसऱ्या दिवशी लेकरू जरा पिवळसर दिसलं आणि तू दादाला म्हणालीस, "जीप आण. आत्ताच्या आत्ता." उंबरा ओलांडून लेकराला घेऊन गेलीस, ओल्या बाळंतिणीला मागं बसवून. लोक काय म्हणतील ते त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मी ओसरीवर बसले होते, छातीला घट्ट फडकं बांधून. माझ्याजवळून जाताना तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. एवढं तरी तुला कळत होतं. माझ्या पोरीवर तू शिकलीस आणि दुसरीला वाचवलंस.

मग तिच्या बारशाचा आदला दिवस. तू घुगऱ्यांसाठी हरभरे निवडायला माझ्याजवळ येऊन बसलीस. तू कधी माझ्याजवळ बसून काही निवडलेलं मला आठवत नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"वहिनीले ते तुह्यं नाव पसंत हाये."

"माझ्या पोरीचं आहे ते," मी म्हटलं.

"तुह्या पोरीचं कुठून झालं? बारसं झालं का तिचं? कोणी हाक मारली का? कोरं हाये नाव. पेटीतल्या लुगड्याची घडी मोडली नसली तं दुसरी नेसत नाही का ते?"

तू सूप खाली ठेवलंस आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहिलीस. "मारली होती का हाक? खरं सांग."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मंग?" म्हणालीस, आणि हरभरे घेऊन उठलीस.

नाव ठेवायचं असतं आत्यानं. आत्या मी एकटीच. शेजारची काकू दाराशी कुजबुजत होती, "तिले काऊन पुढं करता? तिची ओटी अजून ओली हाये." तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "एकच नणंद हाये, दुसरी कुठून आणू? काय होत नाही तिले. दगडाची हाये ते." बायका हसल्या. मी पाळण्यापाशी वाकले. लेकराच्या अंगाला वेखंडाचा वास येत होता, माझ्या पोरीच्या अंगाला यायचा तसाच. कानाशी तोंड नेलं. सगळ्यांना वाटलं मी नाव सांगितलं. मी काहीच सांगितलं नाही. नुसता श्वास सोडला. मग सरळ उभी राहून मोठ्यानं ते नाव घेतलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, आणि तू मला आत्याचं लुगडं दिलंस. हिरवं होतं. ते मी सासरी नेऊन ज्वारीच्या सोंगणीला नेसले, फाटेपर्यंत.

तिला त्या नावानं मी त्यानंतर कधी हाक मारली नाही. पोरी म्हटलं, अगं म्हटलं, ए बाई म्हटलं. लेकरांना कळतं. आपल्याकडं भाच्या आत्याला तू म्हणतात, गळ्यात पडतात; ही मला लहानपणापासून तुम्ही म्हणते. नऊ वर्षांची असताना तिला ताप चढला होता, दवाखान्यात ठेवलं होतं, मी डबा घेऊन गेले. तू बाहेर कोणाशी बोलत होतीस. ती झोपलेली, ओठ सुकलेले. माझ्या मनात आलं, आता नाव मोकळं होईल. मनात आलं म्हणजे उडून गेलं असं नाही, चांगलं बसून राहिलं, डबा रिकामा होईपर्यंत. ती बरी झाली. मी पेढे वाटायला पुढं होते.

आणि तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाचं. दोन महिने मी तुझं केलं. वहिनीचं कंबरडं गेलेलं होतं. तू दिवसभर नातीला हाका मारायचीस, ती होस्टेलवर आहे हे तुझ्या ध्यानात राहत नव्हतं. त्या नावानं हाक मारलीस की मी पाणी उशिरा आणायची. फार उशिरा नाही. चहाला उकळी येईपर्यंत. पोरी म्हणालीस की लगेच आणायची. तू शिकली नाहीस. शेवटपर्यंत तेच नाव घेत राहिलीस, आणि मी उकळीची वाट पाहत राहिले.

नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. त्याच्यासाठी मी रडले, तुझ्यासाठी रडले नाही. तू गेलीस तेव्हा वहिनी म्हणाली होती, "बाई, तुमचं मन कठीण." मी म्हटलं, दगडाची आहे.

मागच्या मंगळवारी तुझ्या नातीचा फोन आला. सून अंगणात कपडे वाळत घालत होती.

"आत्या, तुमच्या सूनबाईनं काय ठरवलं हो? सांगा ना. दोन्हीकडं एकच निघालं तं पंचाईत होईल."

"मले माहीत नाही."

"सांगा की. मी काय नाव चोरून नेऊन राह्यले का?" ती हसत होती. "नाव कोणी चोरते का, आत्या?"

"चोरते," मी म्हटलं. "तुह्यं नाव चोरीचंच हाये."

आणि सांगितलं सगळं. पिवळे डोळे, धुऱ्यावरचं निंब, हरभरे, लुगड्याची घडी. कानात काही सांगितलं नव्हतं, तेही. आठव्या महिन्यातल्या बाईशी असं बोलू नये हे मला कळत होतं. ती मध्ये एकदा "आत्या, पुरे" म्हणाली. मी थांबले नाही. तुझ्यासमोर जे बोलले नाही ते तिच्यावर ओतलं, तिनं काय केलं होतं? बारा दिवसांची होती.

तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली. आणखी एक झाली. मला वाटलं फोन टाकून गेली.

"आत्या," म्हणाली. "एक विचारू? तिले त्या नावानं कधी हाक मारली होती का तुम्ही?"

तेच विचारलं, माय. अगदी तेच. तुझीच नात.

"नाही," मी म्हटलं.

"एकडावबी नाही?"

"एकडावबी नाही."

तिनं श्वास सोडला, मला ऐकू आला. "मंग ते माझंच हाये."

"हाव," मी म्हटलं. "तुह्यंच हाये."

"आणि तुमच्याकडच्या बारशाले मीच येईन, माझं लेकरू काखेत घेऊन. तुमच्या पोराले बहीण नाही, तं आत्या मीच. काय नाव ठेवायचं ते मले तुम्ही तवा सांगा. मी कानात सांगीन." 'सांगीन'वर तिनं जोर दिला. मग फोन ठेवला. सून आत आली, माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "काय झालं, आई? सांगितलं ना नाव?" मी म्हटलं, सांगितलं. ती चिडली. तिला काय समजवायचं?

हे मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहिते आहे. पाठवायला तुझा काही ठिकाणा नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. वाचून घ्यायला तू कोणालातरी बोलावलं असतंस, आणि ऐकून झाल्यावर म्हणाली असतीस, म्हणूनच गेली पोरगी. तेच ऐकायची मला भीती होती. त्याच भीतीनं मी त्या दिवशी हरभऱ्यांसमोर मान हलवली आणि नाव देऊन टाकलं. खरं बोलले असते तर नाव माझ्याकडं राहिलं असतं. तुझ्या नातीशी फोनवर खोटं का बोलले ते अजून मला नीट कळलेलं नाही. तिची कीव आली असेल, नाही तर सवय.

तुझे दोन नियम होते. उंबऱ्याचा मी पाळला, पोर त्यानं गेली. हे मला पक्कं माहीत आहे, मी वाचलेलं आहे. तरी इतकी वर्षं धास्ती वाटते ती दुसऱ्याची, जो मी मोडला. आठव्या दिवशी सकाळी तू धुणं घेऊन नाल्यावर गेलीस, वहिनी गोठ्यात होती. पोर पीत नव्हती. मला वाटलं, हिला कोणी नीट बोलावलंच नाहीये अजून, म्हणून ही आपली असल्यासारखी राहत नाही. मी दाराकडं पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकून नाव घेतलं. एकदाच. तिनं एक डोळा उघडला, शिंकली, आणि त्या सकाळी थोडं प्याली.