हलकं झालेलं स्टेअरिंग

जव्हार, २० ऑगस्ट २००३

जीपला पॉवर स्टेअरिंग बसवल्यापासून खांदा दुखायचा थांबलाय, पण मन थाऱ्यावर नाही. पूर्वी चाक कुठे वळलंय ते हातांना कळायचं. आता स्टेअरिंग एका बोटाने फिरतं आणि हात मुके झाल्यासारखे वाटतात.

आज दाभोशाहून अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात आणताना जीप चिखलात रुतली. जोर देऊन बाहेर काढली, तर ती थेट दरीकडे निघाली. पुढची चाकं तिकडे वळलेली आणि मला पत्ताच नाही. कसाबसा ब्रेक लागला. बाईची सासू हळूच म्हणाली, "भाऊ, चाक कुठं वळलंय ते तुला कळत नाय का?" उतरलो, चाकं बघितली, मगच निघालो.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासू म्हणाली, "घरी न्यायला पण तूच ये."

जीप दरीकडे नेली, तरी मीच का?

संध्याकाळी बायकोला, सुनंदाला, मैदानात जीपपुढे उभं केलं. मी डोळे मिटून स्टेअरिंग फिरवायचो आणि चाकं कुठे वळलीत ते सांगायचो. "चुकलं," ती म्हणायची. जुनंच परत बसवू? मग खांद्याचं काय? पुन्हा "चुकलं." अंधारून आलं तेव्हा कुठे लागोपाठ दोनदा बरोबर आलं.

"आता पुरे," सुनंदा म्हणाली.

मी म्हटलं, "अजून एकदा."