बॉयलरचा लाल दिवा

४ नोव्हेंबर

पुन्हा बॉयलर! तोंडात ब्रश असतानाच सासूबाई किल्लीने दार उघडून आत. "जावईबापू, सप्टेंबरपासून विजेचं बिल फुगलंय. न्हाणीघराचं बटण बंद करायला हात दुखतो का?"

आमच्या कावाला शहरात ग्रीक माणूस एक वेळ देवाला विसरेल, पण ‘बॉयलर बंद केला का’ हे विचारायला विसरणार नाही. अंघोळीआधी चालू, अंघोळ झाली की बंद. दाराशी लाल दिवा. तो जळत राहिला की घरात खुनी कोण याचा तपास सुरू. आणि खुनी नेहमी मीच! कारण मला नोकरी नाही. बिनकामाचा माणूस विसरभोळा असतो, असा सासूबाईंचा सिद्धांत आहे.

मी म्हणालो, "मी बंद करतो. दोनदा बघतो."

माझी बायको फानी पावाचे तुकडे करत बसली. खायचे नव्हते, नुसतेच करत होती.

५ नोव्हेंबर

संगणकाच्या वर्गात सगळ्यात म्हातारा मीच. वीस वर्षं थासोस बेटाच्या बोटीची तिकिटं खिडकीतून विकली. मग लोक फोनवर तिकीट काढू लागले आणि खिडकी बंद झाली. ज्या प्रोग्रामने मला घरी बसवलं, त्याच्याच भाऊबंदांकडे आता शिकायला जातो! डिसेंबरात परीक्षा. पास झालो तर बंदर-कार्यालयात जागा आहे. तोवर घर फानीच्या पगारावर. संगमरवरवाल्यांच्या कचेरीत हिशेब बघते बिचारी.

६ नोव्हेंबर

आमची मास्तरीण मिर्तो (माझ्या भाचीच्या वयाची) म्हणाली, "पुढचा स्वाध्याय: वेळेनुसार नोंदलेले आकडे आणा, कसलेही. त्यातली सवय शोधा. सवय मोडते कुठे तेही शोधा."

डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या विजेचे तासातासाचे आकडे! वीज कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रोग्रामच सिद्ध करेल की बॉयलरचा खुनी मी नाही.

८ नोव्हेंबर

सिद्ध करण्याआधी मीच मरेन. मधले काही तास गायब आहेत. ते शून्य धरले तर घरात कोणी राहतच नाही असं दिसतं. सरासरी काढली तर उलटंच, सगळा दिवस सारखाच सपाट. मिर्तो म्हणते, "काका, फार गुळगुळीत करू नका, त्यात माणसं पुसली जातात." पोरगी बोलते छान. गुण मात्र देत नाही.

फानीने जेवताना कचेरीतली गंमत सांगितली. मालकाने मिशांना रंग लावला आणि तो कॉफीत उतरला म्हणे. खूप हसलो. ही गंमत मागेही ऐकल्यासारखी वाटली.

१० नोव्हेंबर, रविवार

सापडलं!! सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊच्या सुमारास आलेखात उंच सुळका. बॉयलरच, दुसरं काही एवढं ओढत नाही. नऊला मी वाचनालयात अभ्यासाला, फानी कचेरीत. घरात कोण? तुळशीला पाणी घालायला खालून वर येणाऱ्या सासूबाई!

कोंबडी आणि लिंबातले बटाटे पानात पडले, तसा मी आलेख टेबलावर मांडला. सासूबाई भडकल्या. "मी? माझ्या घरात काय नळ नाही? शेंबूड पुसायची अक्कल नाही आणि मला रेघोट्या दाखवतोस!" अहो-जाहो गेलं उडत.

मग त्यांनी फानीकडे पाहिलं आणि एकदम निवल्या. "हो, मीच. म्हातारी हाडं. गरम पाण्याने शेकते. झालं समाधान?"

झालं की! सोळा वर्षांत सासू पहिल्यांदा हरली. दोन पेले वाइन जास्त घेतली.

१३ नोव्हेंबर

मिर्तोने स्वाध्याय परत केला. "काका, पद्धत बरोबर, घड्याळ चुकलं. हे तास ग्रिनिचच्या वेळेचे आहेत. आपले दोन तास मिळवायचे राहिले."

म्हणजे नऊ नाही, अकरा.

अकराला सासूबाई चर्चच्या अन्नछत्रात कांदे चिरतात, सगळा मोहल्ला जाणतो. मग त्यांनी कबूल का केलं? आणि शनिवार-रविवार सुळका का नाही, हे त्या दिवशी मला विचारावंसंही वाटलं नाही. वाइन प्यायला मात्र सुचली!

१४ नोव्हेंबर

सासू खोटं बोलते ती एकाच माणसासाठी.

फानी? भर दिवसा, घरी, गरम पाण्याने अंघोळ? कोणासाठी? छे! लिहितानाही लाज वाटते. पण लिहिलं.

१५ नोव्हेंबर

वाचनालयातून उठलो आणि अकराला घरी गेलो. दाराशी फानीचे बूट नव्हते, रबरी चपला होत्या. बादली. खुंटीला निळा झगा, त्याला जिना पुसायच्या औषधाचा झणझणीत वास. आत पाणी वाहत होतं. मी दार हळूच ओढून घेतलं आणि चर्चच्या अन्नछत्रात गेलो.

"आई, कधीपासून?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली नाही. "सप्टेंबरपासून. दगडवाल्यांनी कचेरी गुंडाळली. आता पाच इमारतींचे जिने धुते. तुमची परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही, म्हणाली. कळलं तर तुम्ही अभ्यास सोडून हमाली शोधाल. शोधली असतीत ना?"

शोधली असती.

"मग माझ्यावर का ओरडत होतात?"

"बिल वाढलं तर कोणावर तरी ओरडायलाच हवं होतं! तिच्यावर ओरडू?" डोळे पुसले. कांद्यामुळे म्हणाल्या.

तिच्याबद्दल मी काल काय लिहिलं ते वर आहे. खोडणार नाही. माझ्यासारख्या गाढवाने ते वाचत राहावं.

१७ नोव्हेंबर

फानीने पुन्हा मिशांची गंमत सांगितली. हात टेबलाखाली ठेवले होते. मी पुन्हा हसलो, पहिल्यापेक्षा जोरात.

१८ नोव्हेंबर

अकराच्या आधी वाचनालयातून मधेच निसटलो. घरी कोणी नव्हतं. बॉयलर चालू केला आणि परत येऊन अभ्यासाला बसलो.

रात्री सूप वाढताना सासूबाई कडाडल्या, "सकाळी अन्नछत्रात जाताना वर डोकावले, तर दिवा लाल! घरात चिटपाखरू नाही! कोण विसरलं?"

"मी," म्हणालो. "मी विसरलो."

फानीचा चमचा थांबला. माझ्याकडे पाहत राहिली.

मग फानीने हात टेबलावर ठेवले. लाल, सोललेले. म्हणाली, "उद्याही विसर."