आयुधपूजेनंतरचं उड्डाण

यशवंतपूर, मंगळवार

प्रिय भूमिका,

पत्र बघून हसशील. यशवंतपूरहून एचएसआर लेआउटला फोन लागतो, आणि हा म्हातारा कागद खरडत बसलाय. पण फोनवर तू हो-नाही करून ठेवून देतेस, आणि समोर बसून मला धड बोलता येत नाही, हे तुझी आई लग्नापासून सांगते आहे. उद्या अकराला तुझी चौकशी, म्हणून हे आज रात्रीच तुझ्या दाराखाली सरकवून जातोय. चौकशीआधी स्वल्प वेळ काढ आणि शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. शेजारच्या यल्लव्वाला रोज सांगते की पोर वाचली, आता ते विमान नको. यल्लव्वा सरी सरी म्हणत मान डोलावते. मी उठून बाहेर जातो. तू मैत्रिणीकडे, शलाकाकडे, राहायला गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारं तसंही कोणी नाही.

त्या दिवशी फ्लाइंग क्लबातून मंजुनाथचा फोन आला तेव्हा मी बाजारात कांदे निवडत होतो. इंजिन आकाशात बंद पडलं, दोड्डबळ्ळापूरकडे रागीच्या रानात उतरली, मुलगी ठीक आहे, एवढंच तो बोलला. मला 'ठीक' सोडून सगळं ऐकू आलं. कांदे तराजूतच राहिले. रानात पोचलो तर तू बांधावर बसून कुणीतरी दिलेलं ताक पीत होतीस. तुला जवळ घ्यायचं सोडून मी विमानाकडे गेलो. त्याचा राग तुला अजून आहे, आणि तो बरोबर आहे.

पण चाकांच्या रेघा मी पाहिल्या, पोरी. विजेच्या तारांपलीकडून येऊन बांधाच्या अलीकडे थांबलेल्या, सरळ. चाळीस वर्षं मेकॅनिक म्हणून मी विमानांखाली पाठ घासली. इंजिन गेलं की भले भले घाबरून मागे वळायला जातात आणि कोसळतात. तू नाक खाली ठेवलंस, वेग सांभाळलास आणि समोरचं रान धरलंस. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

क्लबवाले म्हणतात, टाकीत पेट्रोल होतं, इंजिनात दोष नाही, म्हणजे पेट्रोलचा कॉक पायलटने अर्धवट फिरवला असणार. आता तूही तेच म्हणायला लागलीस. शलाका सांगत होती, उद्या चूक कबूल करून लायसन परत देणार आहेस.

तू सहा वर्षांची असताना पंखाखालची बारीक नळी दाखवून विचारलं होतंस, ही कशाला. मी तेलाचा डबा आणून एक भोक पाडलं. तेल गचके खात आलं आणि थांबलं. दुसरं भोक पाडलं तर धार लागली. वरून हवा आत गेली नाही तर खालून तेल येत नाही, टाकीचंही तसंच, असं सांगितलं होतं. तू आठवडाभर घरातल्या डब्यांना भोकं पाडत होतीस आणि आईचा मार खात होतीस.

रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी आयुधपूजेला क्लब मलाच बोलावतो. यंदाही कोहळा मीच फोडला, विमानाला हळदकुंकू मीच लावलं. झेंडूचा हार पंखाच्या दांडीवरून सारखा घसरत होता. सगळे फोटोसाठी थांबलेले. मी हाराचं टोक त्या नळीत खोचलं. मी, ज्याने चाळीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं की विमानाच्या भोकात काही घालू नका. संध्याकाळी हार ओढून काढला. शेवटचं फूल तुटून आतच राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान घेऊन उडण्याआधी तू नळी पाहिलीच असशील, पण आत गेलेलं फूल बाहेरून दिसत नाही.

रानात सगळे इंजिनापाशी वाकले होते, तेव्हा सवयीने माझं बोट नळीत गेलं. फूल निघालं आणि मी ते खिशात टाकलं. पहिले दोन दिवस लाजेने तोंड उघडलं नाही. मग तू म्हणालीस की आता परत उडणार नाही, आणि मला बरं वाटलं, भूमिका. माझी पोर जमिनीवर राहील, चूक तिच्या नावावर राहिली तर राहू दे, असं मी तीन आठवडे मनात धरून बसलो. बापाने असं करू नये.

आज दुपारी मी चौकशीच्या साहेबांकडे गेलो. सुकलेलं फूल आणि सहीचा जबाब त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. पुढच्या आयुधपूजेला मला कोणी बोलावणार नाही, ते राहू दे. उद्या तू काहीही कबूल करू नकोस आणि लायसन देऊ नकोस. तू परत वर गेलीस की माझा जीव टांगणीला लागेल, तो माझा मी बघेन. अकराला मी बाहेरच्या बाकावर असेन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पण जाताना माझ्यासमोरून जा.

तुझाच चुकलेला,
अप्पा